सांगावा आणि हशा

विट्याच्या पुढे भिवघाटाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात 'ड' वर्गाचं एक सार्वजनिक वाचनालय आहे. गेल्या वर्षी पावसाळा सरताना तिथून फोन आला. ‘‘सर, आपल्याच भागातल्या दोन लेखकांच्या कथांची संध्याकाळ ठेवलीय. अध्यक्ष म्हणून या.’’ मी साताऱ्यात तीस वर्षं इतिहास शिकवला, कथेशी माझा संबंध वाचण्यापुरता. पण गाव माझ्या गावापासून दोन कोसांवर, आणि निवृत्त माणसाला कुणी अध्यक्ष करत असेल तर त्यानं फार आढेवेढे घेऊ नयेत. गेलो.

दाराशी फळ्यावर खडूनं कार्यक्रम लिहिला होता. खाली दोन नावं. पहिल्या नावापुढे ‘कथाकथन’, दुसऱ्या नावापुढे ‘कथावाचन’. हा फरक कुणी मुद्दाम केला असेल असं वाटत नाही. पहिले लेखक पाठ सांगतात, दुसरे कागद धरून वाचतात, एवढाच त्याचा अर्थ. मी तरी आत जाताना तेवढाच घेतला.

पहिले निवृत्त माध्यमिक शिक्षक. माईक हातात आला आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. गोष्ट दुष्काळातल्या टँकरची. गावात पहिला सरकारी टँकर येतो, सरपंच त्याची पूजा मांडतात, नारळ फुटतो, मग भाषणं सुरू होतात. आणि टँकरची तोटी गळकी असल्यामुळे आभारप्रदर्शन होईपर्यंत टँकर रिकामा झालेला असतो. एवढीच गोष्ट, पण मास्तरांनी ती पंचवीस मिनिटं खेळवली. सरपंचांचा आवाज वेगळा, ग्रामसेवकाचा वेगळा, घागरी घेऊन ताटकळलेल्या म्हातारीचा तर असा की पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी या भागात फिरलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्यात. त्यामुळे टँकरवर पोट धरून हसण्याची ऐपतही लोकांना आलीय.

दुसरे लेखक एस.टी.चे निवृत्त चालक. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी कागद काढले, चष्मा पुसला आणि वर न बघता वाचायला लागले. गोष्ट त्यांच्या आजोबांच्या पिढीतली. पाटलाच्या वाड्यात मयत होते. नातलगांना कळवायला तराळाला रात्रीच पिटाळतात. तराळ बारा कोस चालून पोचतो, तर त्या घरी मांडव, हळद लागलेली. तो दारापासून लांब उभा. तू कशाला आलास हे त्याला कुणीच विचारत नाही. मांडवात चार भाकऱ्यांच्या आशेनं येणारे असतातच, त्यातलाच एक समजून त्याच्या फडक्यात लांबून अन्न टाकतात. आता सांगावं, तर शुभकार्यात अभद्र बोलला म्हणून मार. न सांगावं, तर निरोप दाबला म्हणून मार. अक्षता पडेपर्यंत तो गप्प बसतो. मग सांगतो. आणि मार खातो.

वाचन सपाट होतं. आवाज बदलणं नाही, हातवारे नाहीत. एका ठिकाणी पान मागंपुढं झालं आणि ते नीट लागेपर्यंत सगळं वाचनालय थांबलं. गोष्ट संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. टाळ्या न वाजणं ही दाद होती की अडचण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘मास्तर, तुमचं आनि एक हून जाऊ द्या की. हलकंफुलकं. मान्सं हासत घरी जाऊ द्यात.’’

मास्तरांनी आणखी एक सांगितली. लोक हसले. मीही हसलो. अध्यक्षीय समारोपात दोन्ही लेखकांवर मोजून दोन-दोन वाक्यं बोललो, शाल-श्रीफळ घेतलं आणि निघालो.

परतीच्या वाटेवर मात्र ते ‘हलकंफुलकं’ डोक्यातून जाईना. कथा लोकांपुढे मोठ्यानं सांगायची म्हणजे ती हसवणारी असायची, हे आपल्याकडे कधी ठरलं? इतिहासाच्या माणसाला सवय वाईट. कुठलीही गोष्ट कधी सुरू झाली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

कथाकथन हा शब्द आज एवढा मुरलाय की तो कायमचाच असावा असं वाटतं. प्रत्यक्षात लेखकानं रंगमंचावर उभं राहून, छापून आलेली आपलीच कथा कागदाशिवाय, तिच्यातल्या माणसांच्या बोलीत शेकडो लोकांना ऐकवायची, हा प्रकार महाराष्ट्रात गाजायला लागला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. १९६२ साली काकासाहेब गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन साताऱ्याला भरलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ही तिघं त्या प्रकाराची मुख्य नावं. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे, मिरासदार अकलूजला जन्मलेले आणि पंढरपुरात वाढलेले. तिघांची गावं नकाशावर जोडली तर जो त्रिकोण होतो, त्यात सांगली जिल्ह्याचाही काही भाग सापडतो. तिघंही पुढे पुण्यात राहिले आणि तिथून मागे वळून गावाबद्दल बोलत राहिले. माडगूळकर तर पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रमांचंच काम करत होते. शंकर पाटीलही काही काळ तिथं होते. आवाजासाठी कसं लिहायचं, श्रोता दिसत नसताना त्याला कसं धरून ठेवायचं, हे रेडिओत रोजच्या नोकरीचा भाग म्हणून शिकायला मिळतं.

गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कॉलेजांची स्नेहसंमेलनं अशा सगळीकडे हे कार्यक्रम पोचले. छापील मराठी कथा तोवर मासिकं विकत घेणाऱ्यांची आणि वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्यांची होती. ती पहिल्यांदाच अशा माणसापर्यंत गेली ज्यानं मासिक कधी हातात धरलं नव्हतं. हे उपकार लहान नाहीत. माझे वडील चौथी शिकलेले. त्यांनी आयुष्यात एकही कथासंग्रह वाचला नाही, पण शंकर पाटलांची ‘धिंड’ त्यांना शब्दन् शब्द माहीत होती.

ती माहीत झाली कॅसेटमुळे. ऐंशीच्या दशकात आमच्या भागातली गलाई कामगार मंडळी, सोन्याचांदीच्या आटणीच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली, दिवाळीला गावी येताना टेपरेकॉर्डर आणायची. त्यावर गाणी असायची, भजनं असायची आणि कथाकथन असायचं. मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’, ‘भुताचा जन्म’. पाटलांची ‘धिंड’, ‘नाटक’, ‘मिटिंग’. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि गोष्ट अर्ध्यात पालटायला लागली की रंग जातो. त्यामुळे तेवढ्यात मावणारी गोष्ट भाग्यवान ठरली. ओट्यावर टेप लावायचा, आवाज मोठा करायचा, अन् गल्ली जमायची. शंकर पाटलांचा तो कोल्हापुरी हेल, मिरासदारांचा तो काहीच घडलं नाही असा कोरा सूर. हसू नेमकं कुठं येणार हे सगळ्यांना माहीत असायचं आणि त्या जागेची सगळे वाट बघायचे, कीर्तनात अभंगाच्या पालुपदाची बघतात तशी.

आता याच मिरासदारांनी ‘विरंगुळा’ लिहिलीय. परक्यांच्या अंत्ययात्रेची व्यवस्था करण्यात ज्याला जगण्याचा थोडा विसावा मिळतो, अशा एका कारकुनाची ती कथा. मराठीतल्या चांगल्या कथांत ती मी अगदी वर ठेवतो. शंकर पाटलांचा ‘वळीव’ संग्रह हसवण्यासाठी लिहिलेला नाही. आणि माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ (१९४९)? त्यातला ‘धर्मा रामोशी’ वाचून झाल्यावर पुस्तक मिटून काही वेळ बसून राहावं लागतं. पण आमच्या ओट्यावरच्या टेपमध्ये यातलं काही नव्हतं. आम्हाला हे लेखक विनोदी म्हणूनच माहीत होते. त्यांची दुसरी बाजू मला कॉलेजात गेल्यावर, पुस्तकातून, एकट्यानं कळली. लेखक तोच, पण ओट्यावर एक आणि कपाटात दुसरा.

यावर सोपं उत्तर असं देता येतं की हसू समूहाचं असतं आणि दुःख एकट्याचं. म्हणून हसवणारी कथा सभेत चालते, दुसरी पुस्तकात राहते. मलाही हे उत्तर बरेच दिवस पुरलं. पण ते खरं नाही. आमच्याच भागाचा इतिहास ते खोटं पाडतो.

कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की तारामतीच्या वेळी आख्खं देऊळ रडतं. पोवाड्यात सरदार पडला की माणसं मुठी आवळतात. गोंधळी रात्र जागवतात ती काही विनोदावर नव्हे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून या जिल्ह्याला समूहानं बसून रडण्या-हसण्याची रीतसर सवय आहे. त्याआधीची बिनरीतसर सवय तर विचारूच नका. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जात आणि वतन मागं टाकून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्यांत विरह काही कमी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तर स्वतः कीर्तन करायचे. राजा उभा राहून आख्यान लावतोय आणि प्रजा ऐकतेय, हे या मुलखानं पाहिलंय. तेव्हा दुःख सभेत चालत नाही, असं इथं कुणी म्हणू नये.

मग कथाकथनात काय वेगळं होतं? हरिश्चंद्र दूरचा असतो. राजा, सत्त्वपरीक्षा, काशी. त्याच्या दुःखात श्रोत्याचा हात नसतो. ग्रामीण कथेत मात्र गाव ऐकणाऱ्याचंच. त्या गावात कुणी कुणाला उपाशी ठेवलं, कुणी कुणाची वाट अडवली, कुणी कुणाचं घर जाळलं, हे सांगायला लागलं की पुढच्या रांगेत बसलेला माणूस त्या गोष्टीतलं पात्र होतो. त्याला हसवता येतं. माणूस स्वतःच्या वेंधळेपणाला खुशाल हसतो. पण त्यानं दिलेल्या मारावर त्यालाच टाळी वाजवायला सांगणं अवघड. कथाकथनानं हसू निवडलं याचं कारण आवाजाची मर्यादा हे नव्हे, असं मला वाटतं. समोर कोण बसलंय, त्यावर ते ठरलं.

हे जरा मोठं विधान झालं. ते पडताळून बघायला आटपाडी तालुक्यापेक्षा चांगली जागा नाही.

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण स्वातंत्र्यापर्यंत ती औंध संस्थानात होती. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात. संस्थान सलग नव्हतंच; औंध, आटपाडी, कुंडल असे तुकडे इंग्रजी मुलखात शिंपडल्यासारखे. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. त्यामुळे आमच्या भागातली जुनी माणसं गावं न बदलता दोन-तीन राज्यांत आणि दोन-तीन जिल्ह्यांत राहून आलीत. माणदेश तर आज सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वाटला गेलाय. पाऊस तिन्हीकडे सारखाच कमी.

या आटपाडी भागात सहा वर्षांच्या अंतरानं दोन लेखक जन्मले. १९२१ साली आटपाडीत शंकरराव खरात, १९२७ साली माडगूळमध्ये व्यंकटेश माडगूळकर. एकाचे वडील औंध संस्थानात कारकून. घर ब्राह्मणाचं, गरिबीचं. दुसऱ्याचं घर महारवाड्यात, वडिलांकडे तराळकी. तराळ म्हणजे काय हे आज सांगावं लागतं. गावात दवंडी द्यायची, पाहुण्या अंमलदाराचं ओझं वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि कुणी मेलं की गावोगाव सांगावा घेऊन पळायचं. मोबदला भाकरीतुकडा आणि नावापुरतं वतन. हे काम नाकारण्याची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या जोखडाविरुद्ध विधेयक आणलं. पण हलकी मानली जाणारी ही गावकी वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं.

खरात शिकले, वकील झाले, आंबेडकरांच्या चळवळीत राहिले, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक होते, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८१ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, त्याचं नाव ‘तराळ-अंतराळ’. पण मला थांबवतात ती त्यांच्या कथासंग्रहांची नावं. १९६२ साली ‘सांगावा’. १९६५ साली ‘दौंडी’.

ही नावं आजपर्यंत मी नुसती वाचली होती, ऐकली नव्हती. सांगावा आणि दौंडी ही दोन्ही बोलण्याची कामं. गावात सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं बोलणारा माणूस कोण होता, तर तराळ. ज्याची सावली नको होती त्याचा आवाज मात्र गावाला रोज लागायचा. कीर्तनकार देवळात बोलायचा, शाहीर चावडीपुढे, पाटील चावडीत. पण वेशीपासून वेशीपर्यंत, घरोघर, रात्री-अपरात्री ज्याचा आवाज पोचलाच पाहिजे असा माणूस एकच. आणि त्याच्या आवाजात त्याचं स्वतःचं एक अक्षर नसायचं. शब्द पाटलाचे, मयत दुसऱ्याचं, पाय याचे. त्याचा मुलगा लिहायला लागला तेव्हा बापाच्या तोंडी कोंबलेल्या त्या दोन कामांचीच नावं त्यानं पुस्तकांना दिली. बापानं सांगावा पोचवला, मुलानं त्या सांगाव्याच्या मागचा माणूस कसा होता ते सांगितलं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. तिकडे कथाकथन रंगात येतंय, गावाचा आवाज पुण्या-मुंबईच्या सभागृहांत पोचतोय. इकडे त्याच वर्षांत त्याच मुलखातला दुसरा लेखक गावातल्या सक्तीच्या आवाजाबद्दल लिहितोय. दोन्ही गोष्टी आवाजाच्याच. आमच्या ओट्यावर एकच पोचली.

यात माडगूळकरांना दोषी धरण्याचा माझा हेतू नाही. उलट त्यांच्याकडेही सभेत न सांगता येणारं होतं. गांधीहत्येनंतर १९४८च्या फेब्रुवारीत सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यावर त्यांची ‘वावटळ’ ही कादंबरी आहे. तो विषय आजही आमच्या गावांत दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. कुणी काढला तर समोरचा चहा मागवतो. म्हणजे आटपाडीच्या दोन लेखकांच्या दोन जखमा, एक महारवाड्यातली, एक ब्राह्मण आळीतली. दोन्हींचं वजन एक नाही. एक पिढ्यान् पिढ्यांची, दुसरी काही दिवसांतली. पण दोन्ही पुस्तकात राहिल्या, आणि दोन्हींच्या बाबतीत पुढच्या रांगेत बसणारी माणसं साधारण तीच होती.

गंमत म्हणा किंवा योग म्हणा, १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर, आणि पुढच्याच वर्षी जळगावला खरात. त्यानंतर १९८५ साली नांदेडला शंकर पाटील. लागोपाठ दोन वर्षं मराठी साहित्याचं अध्यक्षपद एका दुष्काळी तालुक्यात राहिलं. असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. तालुक्यात आज दोघांचाही अभिमान सांगतात, एकाच दमात सांगतात. पण एकाच संध्याकाळी, एकाच माईकवरून, दोघांची एकेक कथा मोठ्यानं वाचलेली मी तरी ऐकलेली नाही.

वाळव्याकडच्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचं उलटं झालं, तेही इथंच सांगून टाकतो. ते आधी आवाज होते. लाल बावटा कलापथक, पोवाडे, लोकनाट्यं; कथा-कादंबरीकार म्हणून मान्यता त्यानंतरची. ‘फकिरा’ १९५९ साली आली आणि ती त्यांनी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. ज्यांच्या घरात छापील पुस्तक होतं ते लेखक छापातून आवाजाकडे आले. ज्यांच्या घरात फक्त आवाज होता ते आवाजातून छापाकडे गेले. अण्णा भाऊंना सभेत दुःख सांगायची भीती नव्हती, कारण त्यांच्या सभेत पुढच्या रांगेत गिरणी कामगार होते. समोरचा श्रोता बदलला की काय सांगता येतं तेही बदलतं.

तर असं सगळं जुळवत साताऱ्याला पोचलो. मग दोन-तीन दिवसांनी एस.टी.वाल्या लेखकांना फोन केला. समारोपात दोन वाक्यांत उरकलं याबद्दल बोलायचं होतं, पण जमलं नाही. म्हटलं, कथा मला छापायला द्या, ओळखीच्या दिवाळी अंकाला पाठवतो. ते म्हणाले, ‘‘सर, छापून आलीय ती. दोनदा. वाचून दाखवायची राहिली व्हती.’’

मग म्हणाले, ‘‘तुम्हाला वाटलं आसंल का मी पाठ का केली न्हाई. पाठ हाय मला. पन वर बघून सांगायला लागलो तर समोर मान्सं दिसत्यात. सगळी वळखीची.’’

यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या रविवारी गावी आईकडे गेलो. आई ऐंशीची आहे, स्मरण शाबूत. तिचं माहेर माण तालुक्यातलं, सासर आमच्या खानापुरातलं. तिला सहज विचारलं, ‘‘तुझ्या लहानपणी कुणी वारलं तर कळायचं कसं?’’

‘‘सांगावा यायचा की,’’ ती म्हणाली. आणि मग तिनं तिच्या आजोबांच्या वेळचं सांगितलं. ती दहा-अकरा वर्षांची असेल, म्हणजे १९५५च्या आसपास. ती तेव्हा आत्याकडे राहायला आली होती, आमच्याच गावात. मयत माणात झालं होतं, म्हणजे सातारा जिल्ह्यात; सांगावा यायचा होता दक्षिण साताऱ्यात. रात्रभर चालून माणूस पहाटे आला. अंगावर घोंगडं होतं, हातात काठी, काठीला घुंगरू. तो वाड्यात आला नाही, चिंचेखाली उभा राहिला. आत्यानं आधी त्याच्याकडे बघितलं आणि तो बोलायच्या आतच हंबरडा फोडला, कारण त्या वेळेला तो दारात उभा राहणं म्हणजेच निरोप होता. मग सगळे रडत असताना आईला सांगितलं, त्याला भाकरी नेऊन दे. तिनं शिळी भाकरी, कांदा आणि मिरचीचा खर्डा नेला, लांबून त्याच्या घोंगड्यावर ठेवला. पाणी वरून ओतलं. तो म्हणाला, ‘‘ल्हान मालकीन, तुमचा आज्जा लई चांगला व्हता वो.’’ आणि तो रडला.

‘‘घरच्यांच्या आधी तो रडला होता माझ्यापुढं,’’ आई म्हणाली. ‘‘मला अजून दिसतो. एका पायाला चिंधी बांधली होती त्यानं. काटा मोडला असंल.’’

चिंच आठवत होती, घुंगरू आठवत होतं, खर्डा आठवत होता, चिंधी डावीकडच्या पायाला होती हेही आठवत होतं.

‘‘त्याचं नाव काय होतं?’’ मी विचारलं.

आई बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली.

‘‘नाव?’’ ती म्हणाली. ‘‘तराळच म्हणायचे त्याला सगळे.’’